बाइकच्या मागच्या लिंकेजची हालचाल सेन्सरने कशी मोजायची

मागचा शॉक ‘कडक’ आहे की ‘मऊ’, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालता येतो. चाक किती मिलिमीटर वर गेलं, किती वेगाने गेलं आणि परत यायला किती वेळ लागला, हे आकड्यात हाती आलं की तो वाद पाच मिनिटांत मिटतो. त्यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक्स आज पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. पहिल्यांदा मोजणाऱ्यांचं गणित फसतं ते ब्रॅकेट आणि कॅलिब्रेशन (सेन्सरचा आकडा मिमीशी जुळवणं) या दोन जागी. म्हणून या लेखात सर्किटला थोडी आणि पाना-व्हर्नियरला बरीच जागा दिली आहे.

उदाहरणासाठी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ घेतली आहे. तिला लिंकेज असलेला मोनोशॉक आहे, मागच्या चाकाचा प्रवास १८० मिमी आहे, आणि मुख्य म्हणजे मेन स्टँड आहे. मेन स्टँड फ्रेमला जोडलेला असल्याने त्यावर गाडी घेतली की मागचं चाक मोकळं लटकतं. हे काम घरच्या पार्किंगमध्ये जमतं ते त्यामुळेच. मेन स्टँड नसलेल्या गाडीला फ्रेमखालून आधार द्यावा लागेल. स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या हाताला) उचलणारा पॅडॉक स्टँड इथे उपयोगाचा नाही, कारण मोजायची आहे ती स्विंगआर्मचीच हालचाल.

लिंकेज नेमकं करतं काय

चाक आणि शॉक यांच्यामध्ये एक रॉकर आणि एक-दोन दांड्या असतात. कावासाकीने याला युनि-ट्रॅक म्हटलं, होंडाने प्रो-लिंक, सुझुकीने फुल फ्लोटर. मांडणी वेगवेगळी, हेतू एकच: चाक वर जाईल तसा शॉक अधिकाधिक दबावा. चाक किती हललं भागिले शॉक किती दबला, या गुणोत्तराला लिव्हरेज रेशो म्हणतात. केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाडीत शॉक थेट स्विंगआर्मला जोडलेला असतो. तिथेही हे गुणोत्तर असतंच, फक्त ते बदलायला लिंकेजइतका वाव नसतो.

समजा सुरुवातीला हा रेशो ३.३ आहे आणि शेवटी २.७. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्या गाडीचे नाहीत.) अशा गाडीत चाकाच्या पहिल्या ६० मिमीत शॉक १८.९ मिमी दबतो, मधल्या ६० मिमीत २०.२ आणि शेवटच्या ६० मिमीत २१.५. फरक किरकोळ वाटतो. पण चाकापाशी जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा दर भागिले रेशोचा वर्ग. १०० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग सुरुवातीला चाकापाशी सुमारे ९.२ न्यूटन प्रति मिमी लागते आणि शेवटी १३.७. एकाच स्प्रिंगमध्ये जवळजवळ दीडपट फरक. रेशो मोजण्यात ५ टक्के चूक झाली, तर कडकपणात १० टक्के होते, ती याच वर्गामुळे.

आधी प्रश्न, मग सेन्सर

सेन्सर जिथे बसवला असेल तिथलीच हालचाल सांगतो. चाकाची स्थिती हवी असेल (सॅग, म्हणजे वजनाने मागचा भाग किती खाली बसतो, तळाला टेकतंय का, ब्रेक लावल्यावर मागचा भाग किती उचलला जातो) तर सेन्सर स्विंगआर्म आणि सबफ्रेम (सीटखालची मागची फ्रेम) यांच्यामध्ये लावा. डॅम्पिंगचा (शॉक हालचालीला जो विरोध करतो त्याचा) अभ्यास करायचा असेल तर शॉकला समांतर लावा, कारण डॅम्पिंगचा जोर शॉकच्या दांड्याच्या वेगावर ठरतो. लिंकेजचे बेअरिंग घासले असतील तर चाक थोडं हलतं आणि शॉकला पत्ताही लागत नाही. नुसत्या शॉकवर सेन्सर लावणाऱ्याला ही ढिलाई कधीच दिसत नाही. आणि नुसत्या स्विंगआर्मवर लावणाऱ्याला ती शॉकची हालचाल म्हणून दिसते!

पहिल्या वेळी स्विंगआर्म–सबफ्रेम हीच जागा निवडा. हिमालयनमध्ये शॉकच्या आजूबाजूला बोट घालायला जागा कमी, वर उष्णता आणि चिखल. स्विंगआर्मच्या बाजूला मोकळीक असते.

सेन्सर कुठला? तीन पर्याय समोर येतात.

लिनियर पोटेन्शिओमीटर (पुढे नुसता ‘पॉट’) म्हणजे आत-बाहेर सरकणारा दांडा आणि त्याप्रमाणे बदलणारा व्होल्टेज. दोन्ही टोकांना रॉड एंड (फिरता गोल सांधा) असलेला, ५ किलोओहमचा, १०० मिमी स्ट्रोकचा घ्या. नवख्यासाठी हाच.

चुंबकीय अँगल सेन्सर, उदाहरणार्थ एएस५६००, स्वस्त आणि न घासणारा आहे. पण हिशेब करून पाहा. पूर्ण ३६० अंशांचे तो ४०९६ भाग करतो, म्हणजे एक भाग ०.०८८ अंशाचा. स्विंगआर्म ५५० मिमी लांब धरला तर १८० मिमी प्रवासात तो जेमतेम १९ अंश फिरतो. म्हणजे हाती सुमारे २१३ पायऱ्या आणि चाकापाशी एक पायरी ०.८४ मिमीची. सॅग मोजायला पुरेल, वेग काढायला नाही. शिवाय पिव्हटचा बोल्ट लोखंडी असतो, चुंबक त्याला चिकटून बसवला की रीडिंग वाकडं होतं.

तिसरा स्ट्रिंग पॉट: स्प्रिंगवर गुंडाळलेली तार. बसवायला सोपा, पण खडबडीत रस्त्यावर तार थरथरते आणि चाकापाशी उडणारा दगड तिचा शत्रू. उभ्या गाडीवर मोजायला ठीक.

सामान

१०० मिमीचा पॉट १, ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड १, एडीएस१११५ हा व्होल्टेजचा आकडा करणारा १६-बिटचा कन्व्हर्टर १, एसडी कार्डचं मॉड्यूल आणि कार्ड, १ किलोओहमचे रेझिस्टर ३, १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर २, २.२ किलोओहमचे रेझिस्टर २ (हे कशाला ते पुढे येईल), तीन कोअरची शील्डेड वायर दीड मीटर, ५ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी, एम५चे बोल्ट आणि नायलॉक नट. मोजायला ३०० मिमीचा व्हर्नियर, स्टीलची पट्टी आणि एक कात्री जॅक. व्हर्नियर विकत घ्यायची गरज नाही, लेथवाल्याकडून दिवसासाठी मागून आणा.

ईएसपी३२च्या आतही १२-बिटचा कन्व्हर्टर आहे, मग वेगळा एडीएस१११५ कशाला? आतला कन्व्हर्टर दोन्ही टोकांना सरळ रेषेत चालत नाही आणि त्याचं रीडिंग स्थिर गाडीवरही नाचत राहतं. स्थिती वाचायला तो चालून जातो. वेग काढायला गेलात की बिंग फुटतं. १०० मिमीच्या पॉटवर १०-बिटची एक पायरी ०.०९८ मिमीची असते. सेकंदाला ८६० नमुने घेतले तर एवढ्या एका पायरीच्या उडीचा वेग निघतो ८४ मिमी प्रति सेकंद. म्हणजे गाडी उभी, आणि आलेखात शॉक धावतोय. १२-बिटवर हाच खोटा वेग २१ होतो. एडीएस१११५ला ±४.०९६ व्होल्टची रेंज दिली, तर ३.३ व्होल्टमध्ये २६,४०० पायऱ्या मिळतात आणि खोटा वेग साधारण ३ मिमी प्रति सेकंदावर येतो. एवढा पुढे फिल्टरमध्ये विरून जातो.

ब्रॅकेट: इथे घाई नको

पॉटचा स्ट्रोक किती वापरायचा हे आधी ठरवा. पिव्हटपासून २४५ मिमीवर पॉटचं खालचं टोक जोडलं आणि अॅक्सल ५५० मिमीवर असला, तर चाकाच्या १८० मिमीला पॉट साधारण ८० मिमी हलेल. १०० मिमीच्या पॉटला दोन्ही बाजूंना १० मिमी शिल्लक राहतात. ही शिल्लक चैनीसाठी नाही. खड्ड्यात शॉकचं रबर चेपतं आणि चाक कागदावरच्या प्रवासाच्या थोडं पुढे जातं. त्या क्षणी पॉट तळाला टेकला तर गाडीचं सगळं वजन त्या पेन्सिलीएवढ्या दांड्यावर येतं आणि दांडा वाकतो.

आपल्या गाडीवर स्विंगआर्मची लांबी पिव्हटच्या मध्यापासून अॅक्सलच्या मध्यापर्यंत स्वतः मोजा आणि वरचं त्रैराशिक पुन्हा मांडा. पॉट स्विंगआर्मला साधारण काटकोनात, म्हणजे जवळजवळ उभा ठेवा. फार तिरका ठेवला तर हालचाल कमी मिळते आणि ती प्रवासभर बदलत जाते. कॅलिब्रेशन हा तिरकेपणा पोटात घेतं, पण गमावलेल्या पायऱ्या परत देत नाही.

पॉटची बॉडी वर सबफ्रेमला आणि दांडा खाली स्विंगआर्मला जोडा. याने दोन गोष्टी साधतात: वायर हलत्या भागावर येत नाही, आणि दांड्यावरचं पाणी सीलमध्ये न मुरता खाली ओघळतं. मागून पाहिलं असता दोन्ही रॉड एंड एकाच उभ्या रेषेत हवेत. पॉट बाजूला झुकला असेल तर दांड्यावर आडवा जोर येतो आणि आतली पट्टी एका कडेने झिजते.

स्विंगआर्मला भोक पाडू नका, वेल्डिंग तर अजिबात करू नका. चेनगार्डचा किंवा ब्रेक होजच्या क्लिपचा बोल्ट असतो तिथे ब्रॅकेट बसवा, नाहीतर स्विंगआर्मभोवती दोन भागांचा क्लँप करून घ्या, आत रबराचा पातळ तुकडा घालून. पण रबर जाड नको. जाड रबर म्हणजे आणखी एक छोटं सस्पेन्शन, आणि सेन्सर तेही मोजत बसेल.

ब्रॅकेट आखूड आणि जाड करा. २ मिमी पत्र्याचा वीतभर लांब ब्रॅकेट एक सिलिंडरच्या इंजिनवर टाळ्या वाजवतो.

बसवून झाल्यावर चाक, चेन, सायलेन्सर आणि पॅनियरचा स्टँड यांपैकी कशाला पॉट लागतोय का, हे आत्ता नुसतं डोळ्यांनी पाहा. खरी तपासणी कॅलिब्रेशनच्या वेळी आपोआप होईल.

वायरिंग

पॉटच्या दोन टोकांपैकी एक ३.३ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला. मधली वायर १ किलोओहममधून एडीएस१११५च्या पहिल्या चॅनेलला, आणि त्या चॅनेलपासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हा कपॅसिटर कन्व्हर्टरजवळच लावा, पॉटजवळ नाही. पॉट कुठल्या जागी आहे त्याप्रमाणे हा फिल्टर साधारण ७० ते १६० हर्ट्झच्या वरचं दाबतो. मागच्या चाकाची स्वतःची उड्या मारण्याची वारंवारता १० ते १५ हर्ट्झच्या आसपास असते आणि गाडीच्या धडाची २-३ हर्ट्झ. म्हणजे कामाचं काही कापलं जात नाही.

एक बारकावा बरेच जण विसरतात. पॉट पुरवठ्याच्या व्होल्टेजचा हिस्सा देतो, पण एडीएस१११५ मोजतो आपल्या आतल्या पक्क्या संदर्भाने. पुरवठा ३.३०वरून ३.२५ झाला की चाक न हलताही रीडिंग दीड टक्क्याने घसरतं, ८० मिमीवर ते एक मिमीपेक्षा जास्त होतं. म्हणून दुसऱ्या चॅनेलवर पुरवठाच मोजा: ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये उरलेले दोन १ किलोओहम एकापुढे एक, मधला सांधा दुसऱ्या चॅनेलला, तिथेही एक कपॅसिटर. हा आकडा पुरवठ्याच्या निम्मा येतो, तो दुप्पट करा. सेकंदातून एकदा वाचला तरी पुरे. पुढच्या सगळ्या हिशेबात पहिला भागिले हा दुप्पट आकडा, असा भागाकार वापरा. चॅनेल बदलल्यानंतरचं पहिलं रीडिंग फेकून द्या.

वायरीचं शील्ड एकाच टोकाला, डब्याच्या बाजूला, ग्राउंडला जोडा. वायर इग्निशन कॉइल आणि प्लगच्या केबलपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या.

वीज गाडीच्या बॅटरीतून घेण्यापेक्षा पॉवरबँकेतून घ्या. इंजिन चालू असताना गाडीच्या लाइनवर १४ व्होल्टच्या पुढे चढउतार आणि इग्निशनचा कचरा असतो. पॉवरबँकेची मात्र एक खोड आहे: फार कमी करंट ओढला तर ती समजते की फोन भरला, आणि बंद होते. वायफाय बंद ठेवलेला ईएसपी३२ इतका कमी ओढतो की हे हमखास घडतं, बहुधा घाटाच्या मध्यावर. कमी करंटवर चालू राहणारा मोड असलेली बँक घ्या, नाहीतर ५ व्होल्टवर ४७ ओहमचा, निदान २ वॅटचा रेझिस्टर लावून शंभरेक मिलिअँपिअर नुसते जाळा. रेझिस्टर गरम होतो, त्याला प्लास्टिकपासून दूर ठेवा.

नोंद कशी करायची

एडीएस१११५ सलग मोडमध्ये, सेकंदाला ८६० नमुन्यांवर ठेवा. या आकड्यात चिपगणिक १० टक्क्यांपर्यंत फरक असतो, म्हणून ‘८६० आहेत’ असं गृहीत धरून वेळ काढू नका. चिपच्या रेडी पिनवरून इंटरप्ट (नवा नमुना तयार झाल्याचा इशारा) घ्या आणि प्रत्येक नमुन्यासोबत मायक्रोसेकंदातला वेळ लिहा. आयटूसी (चिप आणि बोर्ड यांच्यातली डेटाची लाइन) ४०० किलोहर्ट्झवर चालवा, १०० वर हे धावपळीचं होतं.

कार्डावर कच्चे आकडेच लिहा, मिलिमीटर नाही. कॅलिब्रेशन चुकलेलं नंतर कळलं तर कच्च्या आकड्यांवरून सगळं पुन्हा काढता येतं. एका नमुन्याला वेळेसकट ८ बाइट धरले तर सेकंदाला ७ किलोबाइटही होत नाहीत. पण एसडी कार्ड मध्येच पाव सेकंद रुसून बसू शकतं, आणि तेवढ्यात दोनशेहून जास्त नमुने येतात. मेमरीत ८ किलोबाइटचा बफर ठेवा आणि कार्डावर ५१२ बाइटच्या पटीत लिहा. हे न केलेल्या फायलीत वेळेचा स्तंभ पाहिला की भोकं दिसतात, आणि ती नेमकी स्पीड ब्रेकरवर पडलेली असतात असं वाटत राहतं.

कॅलिब्रेशन

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. एक पूर्ण सकाळ ठेवा आणि एक मदतनीस.

१. सपाट जमिनीवर गाडी मेन स्टँडवर घ्या. पुढचा ब्रेक लिव्हर पट्ट्याने बांधून ठेवा. पुढच्या चाकाला दोन्हीकडून वीट लावा.

२. चाक पूर्ण लटकलेलं असताना अॅक्सलच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा. हे शून्य. चेन अॅडजस्टरची खूण लिहून ठेवा. अॅक्सल १० मिमी मागे सरकला तर ५५० मिमीच्या स्विंगआर्मवर रेशो जवळजवळ २ टक्क्यांनी बदलतो.

३. मागचं चाक काढा आणि अॅक्सल रिकाम्या स्विंगआर्ममध्ये त्याच खुणेवर परत घाला. चाक ठेवून केलं तर टायर चेपतो, चेन ताणली जाते आणि जॅकला जागा पुरत नाही. ब्रेक कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, दोरीने वर बांधा. आणि डिस्क बाहेर असताना ब्रेक पेडल कोणी दाबणार नाही याची काळजी घ्या.

४. अॅक्सलखाली जॅक टेकवा आणि मगच शॉकचे बोल्ट काढा, नाहीतर स्विंगआर्म धाडकन खाली येतो. शॉक जागेवर असताना हे मोजणं शक्य नाही. स्प्रिंगविरुद्ध जॅक चढवला की स्विंगआर्मऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाते. शॉक उघडायचा नाही, त्याची स्प्रिंगही काढायची नाही. अख्खा बाहेर काढून बाजूला ठेवायचा.

५. टेबलावर शॉकची दोन बोल्टमधली लांबी मोजा. भोकाच्या मध्यावर व्हर्नियर टेकवता येत नाही. दोन्ही भोकांत त्यांचे बोल्ट घाला, बोल्टांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि दोन्ही बोल्टांचा निम्मा-निम्मा व्यास वजा करा. शॉकचा स्ट्रोकही लिहून ठेवा: दांड्याचा उघडा भाग, त्यातून दबलेल्या रबराचा अंदाज वजा.

६. बोल्ट परत गाडीवर त्यांच्या जागी घाला, शॉकशिवाय. जॅकने स्विंगआर्म हलवून बोल्टांमधलं अंतर शॉकच्या लांबीएवढं करा. अॅक्सलची उंची पायरी २ मधल्या शून्याशी जुळली पाहिजे. २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर लिंकेजमध्ये ढिलाई आहे किंवा मोजणी चुकली आहे. दोन्ही शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

७. आता जॅक १० मिमीच्या पायऱ्यांनी चढवा. प्रत्येक पायरीला तीन गोष्टी लिहा: अॅक्सलची उंची, शॉकच्या बोल्टांमधलं अंतर आणि पॉटचा भागाकार (दोन सेकंदांची सरासरी). १८० मिमीला १९ ओळी होतात. शॉक नसल्याने वर थांबवणारं काही नाही. बोल्टांमधलं अंतर शॉकच्या पूर्ण दबलेल्या लांबीएवढं झालं की थांबा. पॉट कुठे अडकतोय का, हे याच फेरीत कळतं.

८. त्याच १९ जागा उतरतानाही मोजा. चढतानाचे आणि उतरतानाचे आकडे एकमेकांवर बसले पाहिजेत. बोल्टांमधल्या अंतरात सतत अर्ध्या मिमीचा फरक येत असेल तर रॉकरचे नीडल बेअरिंग तपासा. पॉटच्या आकड्यात फरक येत असेल तर रॉड एंड सैल आहे किंवा ब्रॅकेट वाकतंय.

परत जोडताना लिंकेजच्या बोल्टांना सर्व्हिस मॅन्युअलमधलाच टॉर्क द्या. इतकं उघडलंच आहे तर नीडल बेअरिंगना ग्रीस भरून घ्या. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असूनही हे काम बहुतेक गाड्यांवर वर्षानुवर्षं होत नाही.

तक्त्यातून रेशो

पहिला मोह होतो तो दोन शेजारच्या ओळींची वजाबाकी करून भागाकार करण्याचा. तो टाळा. १० मिमीच्या पायरीत शॉक साधारण ३.३ मिमीच हलतो. व्हर्नियर वाचण्यात ०.२ मिमी चूक झाली की त्या पायरीचा रेशो ६ टक्क्यांनी चुकतो, आणि आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. त्याऐवजी सगळ्या ओळींमधून तिसऱ्या घाताचा वक्र बसवा आणि रेशो त्या वक्राच्या उतारावरून काढा. दोन वक्र हवेत: पॉटच्या भागाकारावरून चाकाची उंची, आणि चाकाच्या उंचीवरून शॉकचं दबणं.

स्प्रेडशीटमधल्या ट्रेंडलाइनचं समीकरण जसंच्या तसं उतरवून घेऊ नका. ती गुणक दोन-तीन आकड्यांत गोल करून दाखवते, आणि तिसऱ्या घाताच्या गुणकात तेवढ्याने शेवटच्या टोकाला कित्येक मिमीची चूक होते. आकड्यांची संख्या आठ-दहापर्यंत वाढवा, किंवा स्प्रेडशीटमधलं लाइनएस्ट हे फंक्शन वापरा. नंतर प्रत्येक ओळीसाठी वक्राने दिलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांतला फरक पाहा. ०.३ मिमीच्या आत असेल तर उत्तम. एखादीच ओळ फटकून असेल तर ती वाचताना चुकली आहे.

रस्त्यावर जाण्याआधी

गाडी उभी, इंजिन ४००० आरपीएमवर, ३० सेकंद नोंद करा. चाक हलत नाहीये, तेव्हा रेषा सपाट हवी. ४००० आरपीएम म्हणजे सुमारे ६७ हर्ट्झ. आलेखात तेवढ्याच वारंवारतेची लहर दिसली तर ती ब्रॅकेटची आहे की विजेची, हा प्रश्न. इथे ते दोन २.२ किलोओहमचे रेझिस्टर कामी येतात. पॉटचं कनेक्टर काढून त्याजागी हे दोन एकापुढे एक जोडा, मधला सांधा सिग्नलला. पुन्हा इंजिन चालवा. लहर तशीच राहिली तर दोष वायरिंगचा, गेली तर ब्रॅकेटचा.

मग सॅग. तीन स्थिती: लटकतं चाक, गाडीचं स्वतःचं वजन, आणि हेल्मेट-जॅकेटसह बसलेला चालक (मदतनीसाने नुसता तोल धरायचा). शेवटच्या दोन्ही स्थिती दोनदा मोजा: एकदा मागचा भाग खाली दाबून हळूच सोडून, एकदा वर उचलून हळूच सोडून. दोन्ही आकडे वेगळे येतील. त्यांची सरासरी म्हणजे सॅग, आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे सील व बेअरिंगचं घर्षण. पाच-सहा मिमी समजण्यासारखे आहेत. पंधरा आले तर प्रीलोडला (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे त्याला) हात लावण्याआधी लिंकेज बघा. चालकासह सॅग एकूण प्रवासाच्या ३० ते ३३ टक्के, म्हणजे १८० मिमीवर ५४ ते ६० मिमी, ही सुरुवात करायला चांगली जागा.

चालवून मोजणं

एकच रस्ता, एकच वेग, एकच टायर प्रेशर आणि निदान तीन फेऱ्या. तीन फेऱ्यांचे आलेख एकमेकांसारखे दिसत नसतील तर क्लिकर (डॅम्पिंग बदलणारा खटक्यांचा स्क्रू) फिरवून काय बदललं हे कधीच कळणार नाही.

चाचणीसाठी स्पीड ब्रेकर चांगला, पण नीट आकाराचा. आयआरसी:९९ च्या नियमातला गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किमीसाठी. त्या वेगाने चाक तो साधारण अर्ध्या सेकंदात पार करतं, म्हणजे नोंदीत चारशेहून जास्त नमुने मिळतात. सोसायटीच्या दारातल्या डांबराच्या उभ्या वळकटीवर हा हिशेब लागू नाही, तिथे मुख्यतः टायर आणि पाठीचा कणा मोजला जातो.

घरी आल्यावर कच्चा आकडा → चाक मिमी → शॉक मिमी असा प्रवास करा आणि मग शॉकच्या स्थितीला ५० हर्ट्झचा लो-पास (त्यावरची थरथर काढून टाकणारा) फिल्टर लावा. तो एकदा पुढून आणि एकदा मागून चालवा, नाहीतर सगळे धक्के आलेखात थोडे उशिरा आल्यासारखे दिसतात. वेग काढताना पुढचा नमुना वजा मागचा नमुना, भागिले त्या दोघांच्या वेळेतला फरक. वेळ नोंदीतलाच घ्या.

कशाकडे पाहायचं? आधी स्थितीचा हिस्टोग्राम (चाक कुठल्या जागी किती वेळ होतं याचा आलेख). त्याचं शिखर सॅगच्या आसपास हवं. लागोपाठच्या खड्ड्यांवर चाक दर वेळी थोडं अधिक वर, म्हणजे गाडी थोडी अधिक खाली बसत चालली असेल, तर रिबाउंड (दबलेल्या शॉकचं परत उघडणं) फार मंद आहे: पुढचा खड्डा येण्याआधी शॉक पूर्ण परतच येत नाही. उलट एकाच ब्रेकरनंतर चाक सॅगच्या रेषेवरून दोन-तीन वेळा खालीवर झुलत असेल तर रिबाउंडचं डॅम्पिंग कमी पडतंय. हिमालयन ४११च्या मूळ शॉकवर फक्त प्रीलोड बदलता येतो. तिथे हे निदान शॉक दुरुस्तीवाल्याला नेऊन दाखवायचं, आणि ‘मागून उसळते’ या वाक्याऐवजी आलेख हातात द्यायचा. प्रीलोड वाढवून रिबाउंडचा दोष झाकायला गेलात तर तो वाढतोच, कारण परत ढकलणारा जोर वाढतो.

प्रत्येक फेरीनंतर गाडी पुन्हा मेन स्टँडवर घ्या आणि लटकत्या चाकाची ३० सेकंद नोंद करा. सकाळच्या शून्यापासून चाकापाशी १ मिमीपेक्षा जास्त सरकलं असेल तर ब्रॅकेटचा बोल्ट ढिला झाला आहे किंवा क्लँप घसरला आहे. तो घट्ट करा, शून्य नव्याने घ्या, आणि ती फेरी फेकून पुन्हा मारा.